मोरीतून घरात आलेला दगड

शहापूर कसब्यातून पूर्वेस, सह्याद्रीच्या मुख्य रांगेचा रोख धरून, डोळखांबवरून डेहण्याकडे आणि आजोबा पर्वताच्या पायथ्याकडे जी वाट जाते, तिच्या दोन्ही अंगांना असलेल्या जुन्या वस्तीतील घरांची रचना लक्षपूर्वक पाहणाऱ्यास एक गोष्ट सहज जाणवते. भिंती कारवीच्या कुडाच्या, वर पेंढा अथवा नळीची कौले, खांब सागाचे नाहीतर ऐनाचे, भुई मातीची आणि शेणाने सारवलेली. सारांश, ज्यास चिरस्थायी म्हणावे असे या घरात खांबांखेरीज फारसे काही नसे, आणि तरीही त्याच घराच्या मागच्या अंगाला, पडवीच्या कोपऱ्यात किंवा परसातल्या कुडाच्या आडोशाला, काळ्या पत्थराची एक धोंड पक्की बसविलेली असे, जिच्यावर घरातली माणसे न्हात, भांडी विसळीत आणि कपडे आपटीत. कातकऱ्याच्या झोपडीत तीही नसे. ओढ्यातला कातळ हीच त्याची न्हाणी. परंतु कुणब्याचे, आगऱ्याचे किंवा महादेव कोळ्याचे थोडे बस्तान बसलेले घर असले, की त्या घरातला पहिला पक्का तळ हा न्हाणीचा असायचा.

आज नवे घर बांधणारा गृहस्थ टाइल्सच्या दुकानात उभा राहून, न्हाणीघराची लादी दिवाणखान्याच्या लादीला शोभेल की नाही, या विवंचनेत पडतो. रंग जुळावा, छटा जुळावी, दार उघडे राहिले तरी नजरेला ठेच लागू नये, ही त्याची अपेक्षा मुळीच गैर नाही. परंतु या मुलखापुरते बोलायचे तर तळांच्या इतिहासाचा ओघ नेमका उलट दिशेने वाहत आलेला दिसतो. येथे घरच, थोडे उशिरा आणि थोडे नाइलाजाने, न्हाणीला जुळवून घेत आले आहे. जो जिन्नस प्रथम मोरीत बसला तोच काही वर्षांनी स्वयंपाकघरात आला, तेथून ओटीवर आणि अखेरीस माजघरात शिरला. घडीव दगडापासून भट्टीत भाजलेल्या चकचकीत लादीपर्यंत हा क्रम पुनःपुन्हा घडला, आणि त्याचे कारण सौंदर्यदृष्टीपेक्षा पाण्याच्या व्यवहारात अधिक आहे.

मातीच्या भुईची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. ती करणे हे एक कसब होते. पावसाळा सरून भात खळ्यावर यायची वेळ झाली, की खळ्याबरोबर घरातलीही जमीन नव्याने करावी लागे: जुना थर उकरायचा, मुरमाड माती पसरायची, पाणी शिंपून ती पायांनी तुडवायची, धुमसाने ठोकायची, ओल आटत आली की लाकडी चोपण्याने चोपून भेगा बुजवायच्या, आणि सर्वांत शेवटी शेणाचा हात फिरवायचा. अशी भुई उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार आणि पावलास मऊ. तिच्यावर बसता येते, निजता येते, आणि ती बिघडली तर दुरुस्तीस बाजारातून काही आणावे लागत नाही. पण पाण्यापुढे तिचा इलाज चालत नाही. वर्षाकाठी शंभर इंचांच्या आसपास पाऊस ओतणाऱ्या या पट्ट्यात ओल खालूनही चढतच असते. तिच्यावर आठदहा माणसांच्या आंघोळीचे पाणी रोज सांडू लागले, तर आठवड्याभरात माजघराचे चिखलरान व्हायचे. यास्तव पाण्याची जागा वेगळी, तिचा तळ वेगळा, आणि दोहोंच्या मध्ये एक उंबरा किंवा निदान वीतभर कट्टा, हा बंदोबस्त अपरिहार्य झाला.

धर्मशास्त्रकारांनीही हा भेद आपल्या परीने ओळखला होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा जो विचार आला आहे, त्यात भूमीच्या शुद्धीचे पाच उपाय सांगितले आहेत: झाडणे, सारवणे, शिंपणे, खरवडणे आणि गाईंचा निवास; दगडी भांड्याला मात्र केवळ पाणी पुरेसे मानले आहे. न्हाणीचा तळ डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले गेले असे कोणी म्हणणार नाही. तथापि वस्तूच्या स्वभावावरून तिची निगा ठरते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे, आणि ज्या ठाकरणीच्या कानावर मनूचे नावही कधी पडले नसेल तिच्या घरातही सारवायचे कोणते आणि धुवायचे कोणते यांची वाटणी अगदी पक्की असे. आधुनिक स्वच्छताशास्त्र ज्याला ओल्या आणि कोरड्या भागांचे विभाजन म्हणते ते येथे पूर्वापार वहिवाटीने चालत आले होते.

हा दगड दुरून आणावा लागत नसे, हे या मुलखाचे भाग्य. ठाणे जिल्ह्याचा हा सारा पूर्वभाग ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून घडलेल्या काळ्या पत्थराचा आहे. दक्षिण कोकणात न्हाणीचा तळ सच्छिद्र जांभ्याच्या चिऱ्यांनी करावा लागतो आणि तो पावसाळाभर शेवाळत राहतो. येथला पत्थर घट्ट, पाणी जवळजवळ न पिणारा, आणि तेल, शिकेकाई, राख यांनी न बिघडणारा. त्याला घडविण्याची विद्याही जवळच होती. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावावरून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळचा व्यापारी मार्ग; त्याच्या चढणीवर बसविलेल्या दगडी फरसबंदीवरून आणि घाटमाथ्याजवळ खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांवरून आजही माणसे जातात-येतात. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवालय, ज्यातील शिलालेखाचा शक ९८२ म्हणजे इसवी सन १०६० आहे, तेही याच पत्थराचे. राजाश्रयाने जे कसब देवळांत आणि घाटांत खर्ची पडले, त्याचाच दूरचा आणि गरीब वंशज म्हणजे गावोगाव फिरणारा पाथरवट. जाती, पाटे-वरवंटे घडवावेत, गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून द्यावी, हा त्याचा धंदा. आणि वर्षानुवर्षे पावलांनी व साबणाने झिजून निसरड्या झालेल्या न्हाणीच्या धोंडेवरही तो जाता जाता चार टाके घालून देई. निसरडेपणावरचा हा उपाय तत्त्वतः तोच, जो आज कारखान्यातल्या साच्यात लादीच्या पृष्ठावर खरखरीत पोत उठवून केला जातो.

धोंड बसविताना तिचे एक अंग बोटभर खाली ठेवीत. पाणी त्या अंगाने उतरून पन्हळीवाटे परसात जाई आणि तेथे केळ, आळू, कर्दळ यांच्या मुळांशी मुरे. या उताराची परंपरा फार जुनी आहे. मोहेंजोदडोच्या घरांतून जे स्नानाचे ओटे उत्खननात मिळाले त्यांच्या विटा काठावर उभ्या करून इतक्या सांधेसूद बसविलेल्या आहेत, आणि त्यांचा ढाळ कोपऱ्यातल्या गटाराकडे इतक्या अचूकपणे काढलेला आहे, की आजच्या गवंड्याने त्याकडे पाहून थोडे वरमावे. त्या गावाहून या गावापर्यंत कोणी ही विद्या चालत आणली असे सुचविण्याचे कारण नाही. पाणी सर्वत्र उताराकडेच वाहते, एवढाच त्यातला संबंध.

आता एक प्रश्न उरतो. घरात आठ माणसे असताना तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी एकच धोंड पुरत कशी असे? त्याचे उत्तर हंड्यात आहे. नळाचे पाणी नव्हते. विहिरीचे, झऱ्याचे किंवा नदीचे पाणी बाईच्या डोक्यावरून घरात येई, पाणचुलीवरच्या हंड्यात तापे, आणि तांब्या-तांब्याने मोजून अंगावर घेतले जाई. असे पाणी जपून वापरले जाते, पाटाभोवतीच्या हातभर जागेत सांडते आणि तेथूनच निघून जाते. न्हाणीच्या तळाचा विस्तार हा घरात येणाऱ्या पाण्याच्या विस्तारावर ठरतो; खोलीच्या खोली फरसबंद करण्याची गरज तोटी, फवारा आणि वरची टाकी आल्यानंतर उत्पन्न झाली. आणि या बाबतीत शहापूर तालुक्याची हकीकत विलक्षण आहे. मुंबईच्या न्हाणीघरांत जे पाणी खेळते त्यातला फार मोठा हिस्सा याच तालुक्याच्या डोंगरदऱ्यांतला आहे. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ साली, त्यामागून भातसा आणि मध्य वैतरणा. म्हणजे मलबार हिलवरच्या संगमरवरी न्हाणीघराला आणि डोळखांबच्या परसातल्या एका धोंडेला पाणी पुरविणारे डोंगर एकच. फरक इतकाच की एकीकडे ते नळाने घरात उतरले, आणि दुसरीकडे फाल्गुन उलटताच पाड्यांवरच्या बायकांना त्याच्यासाठी कोसभर चालावे लागले, पुढे टँकरची वाट पाहावी लागली. येथल्या न्हाणीच्या तळाचा साधेपणा हा अभिरुचीचा किंवा दारिद्र्याचा जितका, तितकाच या वाटपाचाही परिणाम आहे. २०१९ नंतर जलजीवन मिशनच्या नळयोजना आल्या, काही वाड्यांत घराशी तोटी पोहोचली, आणि जेथे पोहोचली तेथे वर्षभरात न्हाणीचा तळ भिंतीपर्यंत पसरला, हे पाहणाऱ्यांनी पाहिले आहे.

सधन घरांत न्हाणी घराच्या पोटात असे. पडवीच्या टोकाला तीन भिंतींची खोली, एका बाजूस पाणचूल, तिच्यावर कायमचा बसविलेला हंडा, पुढे चारसहा धोंडी जुळवून केलेला तळ आणि सांध्यांत चुना. नरकचतुर्दशीच्या पहाटे हीच जागा घरातली सर्वांत मानाची होई: तेल आणि उटणे लावलेले अंग, पाटाभोवती रांगोळी, पणती, आणि स्नानानंतर पायाखाली फोडलेले कारीट. तेलाने माखलेल्या तळव्यांनी ज्या तळावर पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांनी उभे राहायचे, तो तळ झिलई केलेला असून चालणार नाही, हे सांगण्यास कोणी शास्त्री लागत नव्हता. बाळंतिणीच्या न्हाणीचीही तीच कथा. सुईण पाटावर पाय पसरून बसे, पायांवर मूल आडवे घेई आणि गरम पाणी ओती; पाट डळमळू नये म्हणून त्याच्याखालचा दगड सपाट, आणि पाणी अंगाखाली साचू नये म्हणून तोच दगड उतरता, अशा परस्परविरोधी दोन गुणांची अपेक्षा त्या एका धोंडेकडून केली जाई, आणि बहुधा ती पुरी होई.

या व्यवस्थेत पहिला मोठा पालट शहाबादी फरशीने केला. गुलबर्ग्याजवळचे शहाबाद हे त्या काळी निजामाच्या राज्यातले गाव. तेथला चुनखडीचा दगड भीमेच्या खोऱ्यातल्या प्राचीन गाळाचे थर साचून झालेला असल्यामुळे पाटीसारखा आपोआप सुटतो, करवत न लावता इंच-दीड इंच जाडीच्या सपाट लाद्या देतो, आणि म्हणूनच काळ्या पत्थराच्या घडीव लादीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. हा गुण त्या दगडात कोट्यवधी वर्षांपासून होता. परंतु तो मुंबई इलाख्याच्या घराघरांत जाण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८७१ साली रायचूरपर्यंत पोहोचावा लागला. बोरघाट १८६३ साली खुला झालेला होता, थळघाट १८६५ साली. या दोन वाटा जेथे मिळतात ते कल्याण. आग्नेयेकडून आलेल्या फरशीने कल्याणास दिशा बदलायची, ईशान्येच्या फाट्याने वासिंद, आसनगाव, आटगाव ही स्थानके गाठायची, आणि तेथे उतरून बैलगाडीने आत जायचे, असा तिचा प्रवास होता. मुरबाडकडे ती कल्याणहून थेट गाडीवाटेने जाई. ब्रासच्या हिशेबाने विकली जाणारी ही करडी-निळसर फरशी शेतकऱ्याने घेतली ती प्रथम मोरीपुरती, कारण पैसा तेवढाच होता आणि निकडही तेथेच होती. पुढे एखाद्या बऱ्या हंगामात स्वयंपाकघराची भुई, मग येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरणारी ओटी, आणि अखेर माजघर, या क्रमाने ती पुढे सरकली. माजघर सर्वांत शेवटी, कारण तेथे निजायचे. शहाबादी फरशी हिवाळ्यात बर्फासारखी थंड होते आणि तिच्यावर घोंगडी टाकून निजणारा म्हातारा पहाटे कण्हत उठतो, ही तक्रार जुनी आहे. कित्येक घरांनी याच कारणास्तव माजघर सारवलेलेच ठेवले.

याच काळात शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतली माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि रेल्वेत कामास जाऊ लागली होती, आणि चाळीच्या खोलीतली मोरी त्यांनी रोज वापरली होती. १८९६ च्या प्लेगनंतर शहराच्या आरोग्यखात्याचे लक्ष सांडपाण्याकडे गेले, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि नव्या चाळींतून सांडपाण्याच्या निचऱ्याला महत्त्व आले. दहा बाय बाराच्या खोलीत कोपऱ्यात कठड्याने वेगळी केलेली ती दोनतीन हातांची फरसबंद जागा, तिचे भिंतीतले भोक आणि तिची सदाची ओल, यांची आठवण कोणी आनंदाने काढीत नसेल. परंतु गणपतीला किंवा होळीला गावी आलेला मुंबईकर जेव्हा घराच्या दुरुस्तीसाठी पैसे बाहेर काढी तेव्हा त्याच्या मनात असलेला नमुना त्या मोरीचाच असे.

श्रीमंतांच्या मुंबईत मात्र दुसराच खेळ चालला होता, आणि घरातल्या सर्व तळांचा एकमेकांशी मेळ हवा ही कल्पना तेथे प्रथम रुजली. इंग्लंडातल्या स्टोक-ऑन-ट्रेंट येथल्या मिंटन कारखान्याच्या नक्षीदार लाद्या सरकारी इमारतींत आणि धनिकांच्या बंगल्यांत बसल्या होत्या. त्यांच्या तोडीचा माल देशातच करावा या स्वदेशीच्या ईर्षेने फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी १९२२ साली भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली आणि उरणला कारखाना घातला. सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग साच्यात घालून दाबयंत्राखाली दाबलेल्या, भट्टीत न जाता पाण्यात मुरवलेल्या त्या लाद्या. खोलीच्या मध्यभागी गालिचा, कडेने किनार, दुसऱ्या खोलीत त्याच रंगांचा निराळा मांड, अशी रचना त्यांनी शक्य केली, आणि तळ हा वस्त्राप्रमाणे घराला नेसवायचा असतो हा विचार मध्यमवर्गात झिरपला. डोळखांबच्या बाजूला या नक्षीदार लाद्या फारशा गेल्या नाहीत. गेले ते त्यांचे तुकडे. शहरातल्या बांधकामावर फुटलेल्या लाद्यांचे तुकडे गोणीत भरून आणायचे आणि न्हाणीच्या तळावर सिमेंटात बसवायचे, ही रीत पुढे सर्वत्र झाली. लाल, हिरवे, पांढरे, कोणाचा कोणाशी संबंध नाही. अभिरुचीच्या दृष्टीने हा सारा गोंधळच. तरी त्याला एक मोठा गुण होता, जो नक्षी मांडणाऱ्यांच्या ध्यानी आला नसावा. तुकडे अनेक, म्हणून सांधे अनेक, आणि सांध्यांवर पाऊल रुतते. तुकड्यांच्या न्हाणीत घसरून पडलेला माणूस क्वचितच ऐकायला मिळतो.

सिमेंटाचा विषय निघाला आहे तर त्याच्या टंचाईचीही नोंद केली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षे सिमेंट नियंत्रित होते. पोत्यांसाठी अर्ज, अर्जासाठी दाखला, दाखल्यासाठी कचेरीच्या खेपा, आणि मंजूर झालेल्या दहा पोत्यांतली पाच प्रत्यक्ष हाती येईतो पावसाळा, असा तो व्यवहार होता. १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पुरते ते नियंत्रण उठले. तोपर्यंत खेड्यातल्या माणसाला मिळालेले सिमेंट कोठे वापरायचे याचा निर्णय काटकसरीने करावा लागे, आणि तो निर्णय बहुधा पुन्हा मोरीच्याच बाजूने लागे: शहाबादीच्या दर्जा भरायच्या, कट्टा बांधायचा, उरलेच तर ओटीवर कोबा करून त्यावर घोटाई करायची. माजघराच्या वाट्याला पुन्हा शेणच.

भट्टीतली झिलईदार लादी या जिल्ह्यास परकी म्हणता येणार नाही, कारण तिचा देशातला एक आद्य कारखाना, एच. अँड आर. जॉन्सन, १९५८ साली स्थापन होऊन ठाण्यालगतच्या माजिवड्यात उभा राहिला. परंतु सहा इंची पांढऱ्या चौकोनी लाद्यांचे तिचे पहिले रूप इस्पितळांचे आणि शहरी मोऱ्यांच्या भिंतींचे होते. खेड्यात ती आली ती गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांनी दर खाली आणल्यावर. मच्छू नदीकाठचे हे गाव पूर्वी कौलांसाठी आणि भिंतीवरच्या घड्याळांसाठी प्रसिद्ध होते, १९७९ च्या धरणफुटीत ते उद्ध्वस्त झाले, आणि नंतरच्या दोन-तीन दशकांत तेथल्या भट्ट्यांनी साऱ्या देशाच्या घरांचे तळ झाकायचे जणू मनावर घेतले. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घराला एक लाख वीस हजार रुपये आणि किमान पंचवीस चौरस मीटर जागा, शौचालयाला स्वच्छ भारत अभियानातून बारा हजार, आदिवासी कुटुंबांसाठी शबरी घरकुल योजना, असे अनुदानाचे स्वरूप आहे. या रकमेत सगळे घर लादीने झाकणे कठीण. पुष्कळ घरकुलांत बाहेरची खोली सिमेंटच्या कोब्यावर ठेवलेली, आणि न्हाणीच्या तळाला मात्र मोरबीची लादी बसविलेली दिसते. शंभर वर्षांपूर्वीचा धोंडेचा क्रम येथे जसाच्या तसा चालू आहे.

तो मोडतो तो हाती पैसा आल्यानंतर. नोकरदार मुलगा किंवा समृद्धी महामार्गात जमीन गेलेला शेतकरी नवे घर बांधतो, दिवाणखान्याला दोन फुटी आरशासारखी व्हिट्रिफाइड लादी पसंत करतो, आणि शोभा राहावी म्हणून तीच लादी न्हाणीतही घालतो. इतिहासात प्रथमच न्हाणीने घराचे अनुकरण केले, आणि त्याचे फळ कंबरेच्या दुखण्याच्या रूपाने घरातली म्हातारी माणसे भोगतात. व्हिट्रिफाइड लादी अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषीत नाही, ही तिची प्रशस्ती खरी आहे. पण पाणी जे आत जात नाही ते वर राहते, आणि झिलईवर साबणाचे पाणी राहिले की पाऊल ठरत नाही. जर्मनीत यासाठी एक कसोटी ठरविलेली आहे: उतरत्या फळीवर लादी बसवून, तिच्यावर साबणपाणी सोडून, अनवाणी माणसाला चालवून, तो कोणत्या कोनावर घसरू लागतो यावरून लादीची ए, बी, सी अशी प्रतवारी करतात. आपल्याकडे दुकानदारास इतके विचारण्याची वहिवाट नाही. नमुन्याची लादी ओली करून, तेलाचा हात फिरवून, तिच्यावर तळवा दाबून पाहण्यास मात्र कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. भिंतीची लादी तळाला घालण्याचाही मोह टाळलेला बरा. ती मऊ, दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिणारी आणि लवकर झिजणारी असते.

मग घराशी मेळ कसा साधावा? माझ्या मते तो रंगात साधावा, पृष्ठभागात साधू नये. दिवाणखान्याची लादी करड्या छटेची असेल तर न्हाणीत त्याच कुळातली, परंतु एक छटा गडद आणि पोताने खरखरीत लादी घ्यावी. आकाराने ती बारा इंचांहून मोठी नसावी, कारण चारी बाजूंनी न्हाणी ट्रॅपकडे ढाळ काढायचा असतो आणि दोन फुटी लादी तिरकी कापल्याविना तो ढाळ घेत नाही. अगदी काळी लादी कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने पांढरी पडते, अगदी पांढरीवर येथली तांबडी माती आषाढात आपला दाखला ठेवून जाते. मधली करडी छटा या मुलखाला सोयीची, आणि जुन्या शहाबादीचा रंग तोच असावा हा योगायोग असला तरी उपयोगी योगायोग आहे. ज्याच्या घरात शहाबादी अजून शाबूत आहे त्याने ती उखडण्याची घाई करू नये. सांधे नव्याने भरून घेतले आणि चुनखडीच्या या दगडावर अॅसिड ओतण्याची सवय सोडली, तर ती आणखी एक पिढी सहज जाईल. तिच्या शेजारी ओटीला साधा सिमेंटचा कोबा किंवा मातकट रंगाची लादी जितकी शोभते तितकी मोरबीची संगमरवरी नक्कल शोभत नाही.

दोन तळ जेथे भेटतात त्या दारातल्या पट्टीला गवंडी अजूनही महत्त्व देतात. काळ्या कडप्प्याची चार इंची पट्टी, आणि तिच्या आतल्या अंगाला न्हाणीचा तळ निदान अर्धा इंच खाली. मालकाचा आग्रह असतो की सांध्यांची रेघ बाहेरून आत सरळ जावी. गवंड्याला ढाळासाठी ती मोडावी लागते, आणि या कारणावरून शहापूर-मुरबाडकडच्या बांधकामांवर रोज कोठे ना कोठे तंटा होतो. गवंडी फुटाला पाव इंच उतार धरतो, दोरी ताणतो, आणि शेवटची लादी बसली की मालकाच्या देखत दाराशी एक बादली पाणी ओततो. ते ट्रॅपपर्यंत गेले तर चहा मिळतो. वाटेत कोठे थांबले, तर तेवढ्या लाद्या त्याच दुपारी उचलाव्या लागतात, कारण उद्या सिमेंट धरल्यावर त्या फुटल्याविना निघत नाहीत.